मोटारसायकलने सरहद्दीपार : निघण्याआधी घरात बसून करायची तयारी

मागच्या रमजान ईदला शीरखुर्मा झाल्यावर आमच्या भाच्याने सगळ्यांसमोर विषय काढला. "मामू, मला बाइकने मक्केला जायचंय. उमरा करायचाय." आपाच्या हातातला कप तिथेच थांबला. दुल्हाभाई म्हणाले, "विमान काय बंद पडलंय?" चुलत भावंडांनी मात्र मोबाइल काढून व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली.

आम्ही हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शिक्षकाची सवय, आम्ही म्हटलं, "आधी तुझी कागदं घेऊन ये." तो पासपोर्ट, लायसन्स आणि गाडीचं आरसी बुक घेऊन आला. तिन्ही कागद शेजारी ठेवले आणि तिथेच गाडी अडली. पासपोर्टवर आडनाव इंग्रजीत 'एस-एच-ए-आय-के-एच', लायसन्सवर 'एस-एच-ई-के-एच', आणि आरसीवर वडिलांचं नाव गायब. माणूस एक, पण सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याच्या नजरेत तीन.

त्या दिवसापासून आजपर्यंत आम्ही जे शिकलो, विचारलं, तपासलं ते इथे एकत्र मांडत आहोत. असा प्रवास हँडलवर बसून ठरत नाही, घरातल्या टेबलावर ठरतो. आणि त्या टेबलाशी घरच्यांनीही बसायला हवं, कारण परदेशात गाडी नेताना जबाबदारी एकट्या चालवणाऱ्याची राहत नाही. ती कशी, हे पुढे येईलच.

आधी रस्ता कोणता ते ठरवा

नकाशावर भारतातून चारी बाजूंना रस्ते दिसतात. प्रत्यक्षात ते सगळे उघडे नाहीत.

पश्चिमेला अटारी-वाघा. हा जुन्या काळापासूनचा खुश्कीचा मार्ग. मुंबईच्या काही पारशी तरुणांनी १९२३ मध्ये सायकलींवरून जगप्रवास सुरू केला आणि त्यातले तिघे १९२८ मध्ये तो पुरा करून परतले. ते इराण, इराकमार्गेच गेले होते. आज तो रस्ता आपल्यासाठी नाही. एप्रिल २०२५ मध्ये भारताने अटारीचं नाकं बंद केलं.

पूर्वेला मणिपूरमधलं मोरे आणि पलीकडे म्यानमारमधलं तामू. २०१८ मध्ये हे नाकं प्रवाशांसाठी रीतसर उघडलं होतं आणि अनेकांनी थायलंडपर्यंत गाड्या नेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तिथली परिस्थिती बिघडली. व्हिडिओ जुने आहेत की नवे, हे पाहिल्याशिवाय या रस्त्याची स्वप्नं बघू नका.

उत्तरेला नेपाळ. पुढे तिबेटमधून चीन आणि मध्य आशिया. चीनमध्ये स्वतःची गाडी न्यायची तर तिथल्या परवानाधारक एजन्सीमार्फत परवाने, तात्पुरती चिनी नंबर प्लेट, तात्पुरतं लायसन्स आणि पूर्ण प्रवासभर सोबत गाइड घ्यावा लागतो. तिबेटसाठी वेगळा परवाना. एकट्याला हा खर्च परवडत नाही, म्हणून लोक गट करून जातात. शिवाय हिमालयात रस्ता निसर्गाच्या हातात असतो. जुलै २०२५ मध्ये नेपाळ-चीन सीमेवरच्या रसुवागढीचा पूल पुरात वाहून गेला.

राहिला समुद्र. मुंबईहून हाजींची जहाजं १९९५ पर्यंत जात होती, घरातल्या बुजुर्गांना ती आठवतात. आता माणसं विमानाने जातात, पण गाडी अजूनही जहाजानेच जाते. गाडी कंटेनरमधून दुबईच्या जबल अलीला, माणूस विमानाने, आणि तिथून पुढे सौदीपर्यंत रस्ता. भाच्याच्या सफरीसाठी आम्ही हाच मार्ग धरला आहे.

कोणताही मार्ग ठरवण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या त्या देशाबद्दलच्या सूचना वाचा. ठरवताना एकदा वाचा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा वाचा.

पहिला सराव नेपाळचा

ज्याने आयुष्यात एकही सरहद्द गाडीने ओलांडली नाही, त्याने थेट समुद्रापार जाऊ नये. सरावाला नेपाळ उत्तम. मुंबईहून उत्तर प्रदेशातल्या सोनौली नाक्यापर्यंत सतराशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. म्हणजे लांबचा पल्ला आणि सरहद्द, दोन्ही कळतात.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, आधार कार्डावर विसंबू नका. गाडीसाठी नाक्यावरच्या कस्टम्स कार्यालयात दिवसांच्या हिशोबाने शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. तिथे त्याला 'भन्सार' म्हणतात. ती पावती म्हणजे गाडीचा तिथला जन्मदाखलाच समजा. हरवू नका, आणि जितके दिवस लिहून घेतले त्याहून जास्त राहू नका. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे.

आमचा भाचा मे महिन्यात दोन मित्रांसोबत जाऊन आला. परतल्यावर त्याने पहिलं वाक्य काय सांगावं? "मामू, गाडी चालवणं सोपं आहे. रांगेत उभं राहून पावती नीट वाचणं अवघड आहे." घाईत एका मित्राच्या पावतीवर गाडीचा नंबर एका आकड्याने चुकला होता. परतताना नाक्यावर दोन तास गेले. नेपाळमध्ये दोन तासांवर निभावलं. समुद्रापार हीच चूक लाखांत जाऊ शकते.

नाव सगळीकडे एकच हवं

हा भाग प्रत्येक घराने वाचावा, बाइक असो वा नसो. आपल्याकडे शेख, सय्यद, काझी, मुहम्मद, अन्सारी ही नावं इंग्रजीत चार-चार प्रकारे लिहिली जातात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक, रेशन कार्डावर दुसरं, लायसन्सवर तिसरं. हे कबूल करायला हवं की यातल्या कित्येक चुका आमच्यासारख्या शिक्षकांच्याच हातून होतात. प्रवेशाच्या दिवशी रांग लांब असते, आई उर्दूत नाव सांगते, आम्ही मराठीत ऐकतो आणि इंग्रजीत आपल्या मनाने लिहितो. पुढे वीस वर्षांनी तेच स्पेलिंग मुलाच्या आड येतं.

उपाय असा. पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना. लायसन्स आणि आरसीवरचं नाव आरटीओकडे अर्ज करून पासपोर्टशी जुळवून घ्या. फरक मोठा असेल तर शासन राजपत्रात नाव प्रसिद्ध करावं लागतं. याला महिने लागतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी. भाच्याचे तीन कागद एकसारखे व्हायला पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत तो चिडला, रुसला, पण आज त्याच्याच तोंडी आहे की बरं झालं, घरात कळलं, सरहद्दीवर नाही.

अंगावर ठेवायची कागदं

पासपोर्ट : परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी आणि पुरेशी कोरी पानं हवीत.

व्हिसा : प्रत्येक देशाचा वेगळा. इथे एक फसगत होते. दुबईहून सौदीत जाऊन पुन्हा दुबईला यायचं असेल तर अमिरातीचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालणार नाही. एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा घ्या, किंवा गाडी सौदीतल्या जेद्दा वा दम्मामहूनच परत पाठवायचं ठरवा. हे आधीच ठरलं पाहिजे.

आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना : हा आपल्या आरटीओतच मिळतो. शासकीय शुल्क एक हजार रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. त्यावर मोटारसायकलच्या, म्हणजे 'ए' प्रवर्गाच्या रकान्यात शिक्का आहे ना, ते पाहून घ्या. फक्त मोटारीचा शिक्का असेल तर बाइकला तो उपयोगाचा नाही. इंटरनेटवर खासगी लोक 'इंटरनॅशनल लायसन्स' म्हणून रंगीत पुस्तिका विकतात. तिला काही किंमत नाही. मूळ भारतीय लायसन्सही सोबत हवंच.

आरसी : गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर असलेली बरी. अब्बांच्या नावावर असेल तर त्यांचं अधिकारपत्र लागेल. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं किंवा फायनान्सवाल्यांचं ना-हरकत पत्र आधी मिळवा.

नंबर प्लेट इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, नियमाप्रमाणे. गाडीच्या मागे भारताचं चिन्ह म्हणून 'आय-एन-डी' ही तीन अक्षरं असलेला लंबगोल स्टिकर लावतात.

कार्नेट : गाडीचा पासपोर्ट

'कार्नेट द पासाज' हे नाव ऐकूनच लोक घाबरतात. गोष्ट सोपी आहे. परदेशी गाडी कुठल्याही देशात आली की तिथल्या सरकारला शंका असते, ही विकून तर जाणार नाही ना? विकली तर आयात शुल्क बुडेल. मग गाडीवाल्याने एक हमी द्यायची, की मी गाडी परत नेईन आणि नेली नाही तर शुल्क भरलं जाईल. त्या हमीचं पुस्तक म्हणजे कार्नेट. १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारावर हे आधारलेलं आहे. आखाती देशांत भारतीय गाडी न्यायची तर ते लागतं. नेपाळ-भूतानला लागत नाही.

आपल्याकडे ते मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशन देतात. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे काम करते. मुदत एक वर्ष. किती रकमेची हमी लागेल हे गाडीच्या किमतीवर आणि तुम्ही जाणार त्या देशांवर अवलंबून असतं. ती बँक गॅरंटी किंवा अनामत ठेवीच्या रूपात द्यावी लागते. 'एटीए कार्नेट' नावाचं वेगळं पुस्तक असतं, ते प्रदर्शनाचा माल वगैरेंसाठी. दोन्हीत गल्लत करू नका.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टम्सवाले एक भाग फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा. तिसरा भाग पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन्ही वेळचे शिक्के हवेत. आत जाताना शिक्का मारायला सगळे तयार असतात. बाहेर पडताना रात्र झालेली असते, अधिकारी हात करून "जा" म्हणतो, आणि मुलगा खुशीत निघून जातो. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी त्याच देशात राहिली. मग त्या देशाचं कस्टम्स शुल्काची मागणी करतं, ती मागणी असोसिएशनकडे येते आणि असोसिएशन ती हमीतून वसूल करते.

आणि ती हमी कोणाची असते? आमच्या घरात तिथे दुल्हाभाईंच्या मुदत ठेवीचा विषय निघाला. ती ठेव भाचीच्या लग्नासाठी ठेवलेली. म्हणजे दूर वाळवंटातल्या नाक्यावर एक शिक्का राहिला तर इथे बहिणीच्या लग्नाचे पैसे अडकणार. हे ऐकल्यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. शेवटी ठरलं की त्या ठेवीला हात लावायचा नाही. भाच्याने स्वतःच्या पगारातून वर्षभर साठवायचं, महागडी नवी बाइक घ्यायची नाही, जुनी साधी गाडीच न्यायची. गाडीची किंमत कमी म्हणजे हमीही कमी. अमानत दुसऱ्याची असेल तर तिच्यावर स्वतःची हौस भागवायची नाही, एवढा धडा तरी त्या सफरीने निघण्याआधीच दिला.

गाडी चोरीला गेली किंवा अपघातात मोडली तरी ती तिथेच टाकून येता येत नाही. पोलिसांचा अहवाल आणि तिथल्या कस्टम्सचा लेखी कागद घेतल्याशिवाय हमी सुटत नाही.

विमा

आपल्या गाडीचा विमा भारतापुरता असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव या शेजारच्या देशांपुरता वाढवता येतो. आखातात तो चालत नाही, तिथला थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. नाक्यावर पोचल्यावर पहिलं काम ते.

स्वतःच्या प्रवास विम्यात मोटारसायकल चालवताना झालेली दुखापत धरलेली आहे का, किती सीसीपर्यंत धरलेली आहे, आणि इस्पितळातून मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का, हे तिन्ही लेखी विचारा. एजंटच्या तोंडी "सगळं कव्हर आहे" वर जाऊ नका.

गाडी जहाजात चढवताना

कंटेनरमध्ये जाण्याआधी टाकीतलं पेट्रोल काढून टाकावं लागतं आणि बॅटरीची जोडणी सोडावी लागते. लाकडी चौकटीत गाडी घट्ट बांधली पाहिजे. बांधण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, इंजिन नंबर आणि चेसिस नंबरचाही. हे दोन नंबर आरसी, कार्नेट आणि जहाजाच्या बिलावर अक्षरशः एकसारखे हवेत.

मुंबईच्या कस्टम्समध्ये गाडी बाहेर गेल्याची नोंद कार्नेटवर करून घ्या. ती नसेल तर परत आणताना स्वतःचीच गाडी आयात केल्यासारखी होऊन बसते.

जहाजाची तारीख पुढे सरकते, हे धरूनच चाला. विमानाचं तिकीट गाडी पोचल्याची खात्री झाल्यावर काढा. नाहीतर मुलगा दुबईत हॉटेलचं भाडं भरत बसतो आणि व्हिसाचे दिवस संपत जातात. बंदरातून गाडी सोडवण्याचा खर्च आणि दोन्हीकडच्या एजंटची फी आधी लेखी मागून घ्या.

वाळवंटातला रस्ता

दुबईहून अबुधाबीमार्गे घुवैफातचं नाकं, पलीकडे सौदीचं बथा, मग रियाध. हे सुमारे हजार किलोमीटर. रियाधहून ताइफमार्गे मक्का आणखी नऊशेच्या आसपास. मक्का ते मदिना सुमारे साडेचारशे. रस्ते रुंद आणि सरळ आहेत, आणि धोकाही त्यातच आहे. सरळ रस्त्यावर डोळा लागतो. वारा सुटला की वाळू रस्त्यावर येते. रात्री उंट रस्त्यावर येतात. म्हणून सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही, ही अट आम्ही घातली आहे. दिवसाला चारशे किलोमीटर पुरे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात हेल्मेट आणि जॅकेट घालून गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. टाकी अर्धी झाली की भरायची, पुढच्या पंपाची वाट बघायची नाही. पाणी गाडीवर किमान पाच लिटर.

फोनमध्ये हे आकडे घालून ठेवा : अमिरातीत पोलिस ९९९, रुग्णवाहिका ९९८. सौदीत रुग्णवाहिका ९९७. अबुधाबी आणि रियाधला भारतीय दूतावास, दुबई आणि जेद्दाला वाणिज्य दूतावास आहेत.

उमरा आणि एहराम

हजसाठी हा मार्ग नाही, हे आधी स्पष्ट समजून घ्या. हजला हज कमिटी किंवा मान्यताप्राप्त टूर यांच्यामार्फत हजच्याच व्हिसावर जावं लागतं. हजच्या दिवसांत भेटीच्या व्हिसावर मक्केत शिरलं तर मोठा दंड आहे. २०२५ मध्ये तो २०,००० रियालपर्यंत जाहीर झाला होता. गाडीची सफर उमऱ्यापुरतीच, आणि तीही हजचे दिवस टाळून.

दुसरा प्रश्न व्हिडिओत कोणी सांगत नाही. एहराममध्ये पुरुषाला डोकं झाकता येत नाही आणि शिवलेले कपडे घालता येत नाहीत. हेल्मेट आणि जॅकेटशिवाय मोटारसायकल चालवणं मात्र जिवाला धोक्याचं आणि कायद्याविरुद्ध. मग करायचं काय? रियाधकडून येणाऱ्यांची मीकात ताइफच्या भागात आहे, तिथून मक्का शंभर किलोमीटरच्या आत. आम्ही ठरवलं आहे ते असं : गाडी ताइफमध्ये राहण्याच्या ठिकाणी लावायची, एहराम बांधायचा आणि मक्केला बसने किंवा टॅक्सीने जायचं. उमरा झाल्यावर परत येऊन गाडी घ्यायची. आपल्या आलिमांना विचारूनच पक्कं करा, पण विचारायला हवं ते घरून निघण्याआधी.

सामान : अम्मीच्या डब्यापासून ड्रोनपर्यंत

आपल्याकडे मुलगा लांब निघाला की अम्मी मसाला बांधून देते. त्यात खसखस असेल तर तो डबा घरीच ठेवा. अमिरात आणि सौदीत खसखस हा अमली पदार्थ धरला जातो. हा विनोद नाही, यात माणसं तुरुंगात जातात.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या तिथे बंधनाखाली आहेत. जी औषधं गरजेची आहेत त्यांची डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, आणि परवानगी लागते का ते आधी पाहा.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतातच परवानगीशिवाय बाळगता येत नाही. ड्रोनला प्रत्येक देशाचे वेगळे नियम. आमचा सल्ला, दोन्ही नकोत.

गाडीसाठी : क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या जादा केबल, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनचा जोड, ब्रेक पॅड, पंक्चरचं सामान आणि छोटा हवेचा पंप. ज्या गॅरेजात गाडी नेहमी दाखवता तिथे मिस्त्रीजवळ चार रविवार बसून चाक काढणं, केबल बदलणं, चेन ताणणं शिका. नवे टायर आणि नवी चेन निघण्याच्या दिवशी टाकू नका. महिनाभर आधी टाका, म्हणजे काही खोट असेल तर इथेच कळेल.

पैसे तीन ठिकाणी : फॉरेक्स कार्ड, एक वेगळं बँकेचं कार्ड आणि थोडी रोख. परदेशी नोटा रोख स्वरूपात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. अंदाजे खर्चाच्या वर एक रक्कम फक्त 'गाडी मोडली तर परतीचं तिकीट' म्हणून बाजूला ठेवा आणि ती घरच्यांजवळ असू द्या.

घरच्यांची फाइल

निघणाऱ्याइतकीच तयारी मागे राहणाऱ्यांची. एक फाइल घरात हवी. त्यात सगळ्या कागदांच्या प्रती, विम्याचा क्रमांक, दिवसागणिक मुक्कामांची यादी, रक्तगट, आणि घरातल्या कोणाला कोणता फोन करायचा हे लिहिलेलं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार कशी नोंदवायची ते घरातल्या एकाने आधी पाहून ठेवावं.

फोनचा नियम ठरवा. दर तासाला नको, त्याने गाडी चालवणाऱ्याचं लक्ष उडतं. दिवसात दोनदा, निघताना आणि मुक्कामी पोचल्यावर. ठरलेल्या वेळेनंतर चार तासांत फोन नाही आला तरच पुढची पावलं. तोवर आपाने व्हॉट्सअॅपवरच्या अफवा वाचायच्या नाहीत, हेही आम्ही लिहून घेतलं आहे.

आणि एक गोष्ट, जी बोलायला जीभ जड होते. कोणाचं देणं असेल तर फेडून किंवा लिहून निघा. बँकेत, विम्यात वारसाचं नाव लावा. वसीयत लिहा. बुजुर्ग हजला निघताना हेच करायचे, सगळ्यांची माफी मागून आणि हिशोब चुकता करून. यात अपशकुन काही नाही. मागच्यांवर आपला गुंता सोडून जाऊ नये, इतकंच.

वर्षाचं वेळापत्रक

बारा महिने आधी : नावं जुळवणं, पासपोर्टची मुदत, घरात चर्चा आणि खर्चाचा हिशोब.
नऊ महिने आधी : नेपाळचा किंवा तशा लांब पल्ल्याचा सराव.
सहा महिने आधी : कार्नेटची चौकशी, हमीची रक्कम, बँकेचं ना-हरकत पत्र.
तीन महिने आधी : आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना, जहाजाच्या एजंटांकडून लेखी दर, मिस्त्रीकडे शिकणं.
दोन महिने आधी : व्हिसा, विमा, गाडीचं काम.
एक महिना आधी : गाडी बंदरात, घरची फाइल तयार, आलिमांशी आणि डॉक्टरशी बोलणं.
शेवटचा आठवडा : सरकारी सूचना पुन्हा वाचणं. काही गडबड असेल तर तारीख पुढे ढकलणं. यात कसली हार नाही.

भाचा अजून निघालेला नाही. तो या तक्त्यातल्या सहा महिन्यांच्या ओळीवर आहे. टेबलावर कार्नेटचा अर्ज आहे, त्याच्या शेजारी त्याच्या बचतीची वही. रक्कम अजून पुरती जमलेली नाही. आपाने मात्र परवा स्वतःहून विचारलं, "ताइफमध्ये थंडी असते का रे? स्वेटर द्यावं का?" आम्हाला वाटतं, घरची मंजुरी इतकीच असते. बाकी शिक्के तो नाक्यांवर मारून घेईल, इन्शाअल्लाह, आत जाताना आणि बाहेर पडतानाही.